आधी छप्पर, मग उपदेश

रस्त्यावर झोपणारा आणि दारूच्या वा गर्दच्या आहारी गेलेला माणूस समाजाच्या हिशेबात कोठेच बसत नाही. रेशनकार्डाला पत्ता लागतो आणि पत्ता तर त्याच्यापाशी नसतो. नातेवाइकांनी त्याचा नाद सोडलेला असतो. इस्पितळाला तो नकोसा आणि पोलिसांना उपद्रवी वाटतो. अशा माणसाजवळ रात्री थांबून त्याची विचारपूस करणारे जे थोडे लोक जगात आढळतात, त्यांत ख्रिस्ती मिशनांचे कार्यकर्ते फार पूर्वीपासून आहेत. त्या धर्माविषयी कोणाचे मत काहीही असो, एवढे मान्य करावेच लागते. वाद आहे तो या सेवेला जोडलेल्या अटींचा. भाकरी आणि निवारा देताना प्रार्थनेची आणि निर्व्यसनीपणाची अट घालावी काय, हा तो प्रश्न होय. आणि त्याचा विचार केवळ धर्माच्या नव्हे, तर अर्थव्यवहाराच्या दृष्टीनेही करणे अगत्याचे आहे.

लंडनमधील दोन बूथ

या सेवेचा सर्वांत परिचित प्रयोग पूर्व लंडनमध्ये झाला. वयाच्या तेराव्या वर्षी गहाणवटीच्या दुकानात उमेदवारीला लागलेले विल्यम बूथ पुढे मेथॉडिस्ट उपदेशक झाले. १८६५ मध्ये त्यांनी व्हाइटचॅपल भागात, दारूच्या गुत्त्यासमोर भर रस्त्यात प्रवचने सुरू केली. १८७८ मध्ये त्यांच्या संस्थेने ‘साल्व्हेशन आर्मी’ हे नाव घेतले. महाराष्ट्र तिला मुक्तिफौज म्हणून ओळखतो. सनदी नोकरी सोडून आलेल्या फ्रेडरिक टकर यांनी १८८२ मध्ये ती मुंबईत आणली. रस्त्यावर मिरवणुका काढल्याबद्दल त्यांना अटक झाली. पुढे त्यांनी भगवी वस्त्रे आणि फकीरसिंग हे नावही धारण केले. अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, बूथ हॉस्पिटल याच परंपरेतले.

त्याच काळात लंडनमध्ये दुसरे एक बूथ वेगळ्या मार्गाने दारिद्र्याचा शोध घेत होते. चार्ल्स बूथ हे जहाजमालक. विल्यम यांचे ते नातलग नव्हेत. गल्लीगल्लीतून माहिती गोळा करून त्यांनी असा निष्कर्ष काढला, की लंडनची सुमारे ३० टक्के लोकसंख्या दारिद्र्यात आहे. चार्ल्स यांच्या पाहणीचा आधार घेऊन विल्यम बूथ यांनी १८९० मध्ये ‘इन डार्केस्ट इंग्लंड’ हा ग्रंथ लिहिला आणि देशातील बुडालेल्यांची संख्या ३० लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या दहाव्या हिश्शाएवढी धरली. त्यांचा युक्तिवाद मोठा मार्मिक होता. लंडनच्या रस्त्यात भाड्याच्या गाडीचा घोडा कोसळला, तर तो कोणाच्या चुकीने पडला याची चौकशी करीत कोणी बसत नाही. आधी त्याला उठवतात. त्या घोड्याला चारा, तबेला आणि काम मिळते. तेवढे तरी माणसाला मिळावे, एवढेच बूथ यांचे मागणे होते.

परंतु फुकट मदतीने माणूस बिघडतो, ही त्या काळाची समजूत बूथ यांनाही सुटली नव्हती. मुक्तिफौजेच्या निवाऱ्यात एका पेनीत बाकावर बसून रात्र काढता येई; चार पेनी मोजल्या, तर शवपेटीसारख्या लाकडी खोक्यात आडवे होता येई. जेवणानंतर प्रार्थनासभा असे. अमेरिकेतील अनेक मिशनांत तर आधी प्रवचन आणि मग जेवण, अशी रीत दीर्घकाळ चालली.

मिशनांचे खरे देणे

म्हणून या कार्याला केवळ धर्मप्रसाराचे साधन ठरवून मोकळे होणे मात्र अन्यायाचे होईल. न्यूयॉर्कच्या वॉटर स्ट्रीटवर १८७२ मध्ये मिशन काढणारे जेरी मॅकॉले हे स्वतः तुरुंगवास भोगलेले, दारूत बुडालेले गृहस्थ होते. पडलेल्याला उठवण्याचे काम एकदा पडून उठलेलाच उत्तम करतो, हे व्यसनमुक्तीतील महत्त्वाचे तत्त्व अशा मिशनांत आचरणात आले. त्याच शहरातील कॅल्व्हरी चर्चच्या बेघरांसाठीच्या मिशनमध्ये राहिलेला एक मित्र १९३४ मध्ये बिल विल्सन या दारुड्या शेअरदलालाला भेटला. त्या भेटीतून विल्सन सावरले आणि १९३५ मध्ये ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही चळवळ उभी राहिली. या चळवळीने देवाची कल्पना ज्याच्या त्याच्यावर सोपवली, आणि म्हणूनच ती धर्माची कुंपणे ओलांडू शकली. वांद्र्याला १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनने तर या चळवळीच्या पद्धतीला पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या योगाची जोड दिली. दुसरीकडे, पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने उभे केलेले मुक्तांगण कोणत्याही धर्माचा आधार न घेता तेच काम करीत आले आहे. तात्पर्य, माणसाला सावरते ती रोज भेटणाऱ्या माणसांची सोबत. श्रद्धेमुळे अशी सोबत देणारे कार्यकर्ते तयार होतात. पण ते केवळ श्रद्धेमुळेच होतात असे नाही.

अट ही किंमतच

अर्थशास्त्राच्या भाषेत अट ही एक किंमतच असते. ती पैशांत नसली, म्हणून तिचा भार कमी होत नाही. “पिऊन आलास तर आत जागा नाही,” ही अट ज्याचे व्यसन हलके आहे त्याला परवडते. ज्याला व्यसनाने पुरते ग्रासले आहे त्याला ती परवडत नाही. म्हणजे ज्याची गरज सर्वांत मोठी, त्यालाच मदत सर्वांत महाग पडते. शिवाय उघड्यावर झोपणाऱ्याला थंडी, चोरी, मारहाण आणि पोलिसांची काठी यांच्यासह रात्र काढावी लागते, आणि ती सुसह्य करण्याचे स्वस्त साधन म्हणून तो पुन्हा बाटलीकडे वळतो. त्याच्याकडून छपराआधी संयमाची अपेक्षा करणे म्हणजे भांडवल न देता व्याज मागण्यासारखे आहे. भारतात या अटीला धर्मांतराच्या संशयाची आणखी एक छटा येते. लंडनमधील बहुतेकांना जन्माने मिळालेल्या धर्माकडेच परत बोलावले जात होते. येथे भुकेल्या परधर्मीयाची संमती कितपत मुक्त मानावी, हा प्रश्न वाजवीच आहे.

१९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने हा क्रम उलटा केला. आधी स्वतंत्र घर. व्यसन सोडण्याची पूर्वअट नाही. उपचार हवे तेव्हा उपलब्ध. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या पाहणीत सुमारे ८० टक्के लोक घरात टिकून राहिल्याचे आढळले. २००९ पासून कॅनडातील पाच शहरांत दोन हजारांहून अधिक बेघरांवर झालेल्या प्रयोगाने याला दुजोरा दिला. तथापि एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. घर टिकले, पण केवळ घर मिळाल्याने व्यसन मात्र विशेष कमी झाले नाही. छपरावाचून सुटका नाही, पण केवळ छपराने सुटका होत नाही. म्हणजेच घरानंतर सोबत लागतेच, आणि मिशनांचे काम तेथे संपत नाही, तर सुरू होते.

हा धडा खुद्द मुक्तिफौजेनेही गिरवला आहे. फिनलंडने २००८ पासून ‘आधी घर’ हे राष्ट्रीय धोरण स्वीकारले. त्यानुसार हेलसिंकीतील मुक्तिफौजेचे २५० खाटांचे वसतिगृह बंद झाले आणि २०१२ मध्ये त्याच जागी सुमारे ८० स्वतंत्र सदनिका तयार झाल्या. एका पेनीच्या बाकापासून स्वतःच्या किल्लीच्या खोलीपर्यंत यायला सव्वाशे वर्षे लागली.

येथील हिशेब

आपल्याकडे १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने रस्त्यावर हात पसरणाऱ्याला पहिल्याच खेपेस एक ते तीन वर्षे डांबून ठेवण्याची तरतूद केली. मिशन निदान प्रवचन ऐकवून जेवू घालते. राज्यसंस्थेने तर गजांआडचाच निवारा देऊ केला. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने एक लाख लोकवस्तीमागे शंभर जणांची सोय होईल असा कायम निवारा, हे माप ठरवले. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. त्या मापाने या एका शहराला सुमारे १२४ निवारे हवेत. प्रत्यक्षातील संख्या त्याच्या आसपासही नाही. ही उणीव धर्मादायाच्या भरवशावर सोडणे म्हणजे नागरिकाचा हक्क दुसऱ्याच्या दयेवर टाकणे होय.

तेव्हा कामाची वाटणी स्पष्ट असावी. छप्पर, पाणी आणि औषध ही शासनाची जबाबदारी. ती करातून भागावी आणि तिला कोणतीही अट नसावी. सोबत, धीर आणि ज्याला हवी त्याला प्रार्थना, हे काम मिशनने करावे, मुक्तांगणासारख्या संस्थेने करावे, कोणीही करावे. मात्र दार उघडण्याआधी नव्हे, उघडल्यानंतर. बूथ यांचा घोडा आजही रस्त्यात पडलेला आहे. त्याला आधी उठवावे. तो का पडला याची चर्चा त्याच्या अंगावर छप्पर आल्यावरही करता येईल, आणि तेव्हा त्या चर्चेत तोही भाग घेऊ शकेल.