वरकस जमिनीवर एकटी नाचणी नको

बिरवाडीहून वरंधा घाटाकडे जाऊ लागले की सखल भागी भाताची खाचरे आणि त्यांच्यावर डोंगरउतारावर वरकस जमिनी दिसतात. भाताविषयी आपल्याकडे बोलणे पुष्कळ होते, वरकसाविषयी क्वचित. वस्तुतः महाड-पोलादपूरकडील नाचणी व वरी या उतारांवरच पिकते आणि जमिनीचा कस उतरतो तोही प्रथम येथेच. अशा जमिनीत नाचणी एकटी न घेता तिच्यात उडदाचे आंतरपीक घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोकणातील जुनी रीत आठवून पाहावी. वरकसात पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, त्यानंतर तीळ किंवा खुरासणी आणि मग जमीन काही वर्षे पडीत, असा क्रम असे. जमीन पडीत टाकणे हा आळस नव्हता. त्या काळात गवत व झुडपे वाढून जमिनीची झीज भरून निघे. पुढे वाटण्या होऊन तुकडे लहान झाले, आणि घराजवळचा उतार दरसाल लागवडीखाली येऊ लागला. जमिनीची विश्रांती गेली. पण विश्रांतीचे काम आपण दुसऱ्या कोणाकडे सोपविले नाही. त्यात येथील पाऊस तीन हजार मिलिमीटरांच्या वर. उघडी राहिलेली माती ओढ्यावाटे सावित्रीस मिळते.

विश्रांतीच्या कामाचा काही वाटा कडधान्य उचलू शकते. कडधान्याच्या मुळांवरील गाठींतून हवेतील नत्र पिकास मिळतो, हे हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८८६ साली दाखवून दिले. मात्र या गोष्टीची अतिशयोक्ती करू नये. शेजारचा उडीद त्याच हंगामात नाचणीला खत पुरवील, असे शेतकऱ्यांना सांगणे योग्य नव्हे. नत्राचा मोठा भाग उडदाच्या दाण्यातच जातो. मागे राहतात ती मुळे, गाठी व गळलेला पाला. त्यांचा लाभ पुढील पिकास होतो. म्हणूनच उडीद उपटून काढण्याची पद्धत मला खटकते. तो विळ्याने कापावा व मुळे जमिनीतच राहू द्यावी.

काही शेतकरी नाचणीबरोबर मूठभर कडधान्य टाकतात. त्यामागील शहाणपण खरे आहे. परंतु बी मिसळून फेकले की बेणणी अवघड होते आणि काढणीच्या वेळी एक पीक तुडवून दुसरे काढावे लागते. ओळीने लावल्यास ही अडचण राहत नाही. नाचणीच्या चार ओळी आणि उडदाची एक, असे प्रमाण ठेवावे. ओळी उताराला आडव्या असाव्यात. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात नाचणीचे आवण लावतानाच पाचव्या ओळीत उडीद टोकावा. एकरास दीड ते दोन किलो बियाणे पुरते. त्यास रायझोबियम जिवाणू खत चोळून ते सावलीत सुकवावे. दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम, असा हिशेब असल्याने एका पाकिटात पाच घरांचे काम भागते. वाडीने मिळून आणावे हे उत्तम. उडदाच्या ओळीत युरिया टाकू नये, नाहीतर गाठी नीट धरत नाहीत.

“एवढ्या पावसात उडीद कुजतो,” हा आक्षेप नेहमी ऐकू येतो. पाणी साचणाऱ्या जागी तो खराच आहे, आणि तेथे उडदाचा आग्रह धरू नये. उतारावर पाणी थांबत नाही. सत्तर-ऐंशी दिवसांत तयार होणारे वाण घेतल्यास शेंगा सप्टेंबरच्या अखेरीस हाती येतात. परतीचा पाऊस लांबला तर नुकसान होते, हेही मान्य केले पाहिजे. नाचणीची पाचवी ओळ गेल्याने तिच्या उत्पन्नात थोडी घट येईल. पण मोजायचे ते एकट्या नाचणीचे उत्पन्न नव्हे. त्या तुकड्यातून निघालेले सगळे धान्य मोजावे, आणि जी डाळ एरवी दुकानातून आणावी लागते तीही त्यात धरावी.

मग तूर का नको, असे कोणी विचारील. देशावर बाजरीत तूर घेतात, तीच शिफारस येथे आणण्याचा मोह कार्यकर्त्यांना होतो. परंतु नाचणी ऑक्टोबरात निघते आणि तूर डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी राहते. खरीप निघाला की आपल्याकडे गुरे मोकळी सुटतात. एकट्याची तूर उतारावर उभी असेल तर ती गुरांचीच. गुरे बांधण्याचा ठराव साऱ्या गावाने केला तर गोष्ट वेगळी. भातानंतरच्या वालालाही हीच अडचण भोवते. तोवर तूर खाचरांच्या बांधांवर, जेथे राखण होते तेथेच बरी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस एक विनंती आहे. सबंध शेताचा आग्रह धरू नका. पाच गुंठ्यांवर आंतरपीक आणि शेजारी पाच गुंठे निव्वळ नाचणी, एवढेच लावून घ्या. लागणीनंतर सुमारे चाळीस दिवसांनी उडदाचे एक रोप मातीसकट हलकेच उकरून काढा आणि मुळावरची गाठ नखाने फोडून शेतकऱ्याला दाखवा. आत लालसर दिसली तर ती काम करीत आहे असे समजावे. पांढुरकी वा हिरवट असेल तर जिवाणू खत जुने होते की उन्हात राहिले, याची चौकशी करा. काढणीला दोन्ही तुकड्यांचे धान्य त्याच शेतकऱ्याच्या अंगणात, त्याच्यासमोर वजन करा आणि पुढच्या वर्षी त्याच दोन्ही तुकड्यांत वरी लावून पुन्हा वजन करा.