विश्लेषण : नैराश्याची गोळी ठरवताना दुष्परिणामांचे काय?

नैराश्यावरची गोळी अनेक रुग्ण काही आठवड्यांतच परस्पर बंद करतात. कारण बहुतेकदा सांगायला अवघड असते : वजन वाढले, दिवसा झापड येते, संबंधांतील इच्छा गेली. डॉक्टरांना वाटते, औषध सुरू आहे. हा घोळ पहिल्याच भेटीत टाळता येतो.

सर्वांत चांगली गोळी कोणती?

‘लॅन्सेट’ने २०१८ मध्ये ५२२ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यातील २१ही औषधे प्रौढांमध्ये औषधविरहित गोळीपेक्षा प्रभावी ठरली. औषधा-औषधांतला फरक त्यामानाने कमी होता. म्हणूनच कोणते औषध कोणाला सोसेल, याला निवडीत महत्त्व हवे.

कोणाला कोणती?

मिर्टाझापिनने झोप येते, भूक वाढते. झोप उडालेल्या, वजन घटलेल्या रुग्णाला ते उपयोगी. वजन आधीच जास्त असलेल्या मधुमेहीला अडचणीचे. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम यांनी सुरुवातीला मळमळ आणि पुढे लैंगिक तक्रारी होऊ शकतात. ब्युप्रोपिऑनमध्ये या तक्रारी कमी, पण फिट येणाऱ्यांना ते देत नाहीत. व्हेन्लाफॅक्सिनने रक्तदाब वाढू शकतो. अमिट्रिप्टिलिनने बद्धकोष्ठता होते, लघवी अडू शकते. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या वृद्धांसाठी ते जोखमीचे.

विचारायचे कोणी?

आधी डॉक्टरांनी. ओपीडीत गर्दी असली तरी झोप, वजन आणि लैंगिक आयुष्य यांबद्दलचे तीन प्रश्न दोन मिनिटांत होतात. लाजेपायी रुग्ण, विशेषतः स्त्रिया, हे स्वतःहून बोलत नाहीत. रुग्णानेही रात्रपाळी, वाहन चालवण्याचे काम, सुरू असलेली औषधे आणि गर्भधारणेचा विचार सांगावा.

गोळी सुरू झाल्यावर?

मळमळीसारखे त्रास लगेच जाणवतात. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी अधिक लागतात. याच काळात धीर सुटतो. तरीही गोळी एकदम थांबवू नये. चक्कर, बेचैनी होऊ शकते. डॉक्टर मात्रा कमी करू शकतात, औषध बदलू शकतात. पंचविशीच्या आतील रुग्णांवर सुरुवातीला घरच्यांनी लक्ष ठेवावे. आत्महत्येचे विचार आले तर त्वरित डॉक्टरांना गाठावे. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते.

दुष्परिणाम सांगितले तर रुग्ण घाबरेल, असे काही डॉक्टरांना वाटते. पण न सांगितलेला त्रास अचानक समोर आला, की रुग्णाचा औषधावरचाच विश्वास उडतो.