विश्लेषण : आईचे दूध ‘पेढी’त कसे जमते? ते कोण देऊ शकते आणि विकायला मनाई का?

सातव्या-आठव्या महिन्यातच जन्मलेले, जेमतेम सव्वा किलोचे बाळ नवजात अतिदक्षता विभागात असते. आई सिझेरियननंतर दुसऱ्या मजल्यावर, कधी तर दुसऱ्याच रुग्णालयात. पान्हा अजून फुटलेला नसतो आणि नातेवाईक पावडरचा डबा आणायला धावतात. मातृदुग्ध पेढी, म्हणजेच मिल्क बँक, मुख्यतः या दोन-चार दिवसांसाठी असते. मुंबईतील शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये अशी पेढी सुरू झाली. आशियातील ती पहिली मानली जाते. रक्तपेढी आज गावोगावी ठाऊक आहे. दूधपेढीचे नाव मात्र अनेक कुटुंबांना बाळ काचेच्या पेटीत गेल्यावरच कळते.

पावडरचे दूध का नको?

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे आतडे कच्चे असते. वरच्या दुधाने त्याला ‘नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस’ हा आजार होण्याचा धोका वाढतो. यात आतड्याला सूज येते, त्याचा भाग निकामी होतो आणि बाळ दगावूही शकते. पावडरऐवजी दुसऱ्या मातेचे दूध मिळाल्यास हा धोका साधारण निम्म्यावर येतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे. पावडरवर वजन जरा लवकर वाढते, हेही खरे. म्हणून गरजेनुसार डॉक्टर मातेच्या दुधात पोषक घटक मिसळून देतात. मात्र क्रम ठरलेला आहे : आधी स्वतःच्या आईचे दूध, ते नसेल तर पेढीतले, तेही नसेल तरच पावडर. जागतिक आरोग्य संघटनेचीही हीच शिफारस आहे.

दूध कोण देऊ शकते?

स्वतःच्या बाळाचे पोट भरून दूध उरते, अशी कोणतीही निरोगी माता. एचआयव्ही, हिपॅटायटिस-बी आणि सिफिलिस या आजारांसाठी तिचे रक्त तपासले जाते, चालू औषधांची चौकशी होते. तंबाखू खाणारी, सिगारेट ओढणारी किंवा मद्यपान करणारी स्त्री दाता होऊ शकत नाही. मशेरी म्हणजे काही तंबाखू नव्हे, असे समजणाऱ्या घरांत हे मुद्दाम सांगावे लागते.

‘दुसऱ्याला दिले तर आपल्या बाळाला कमी पडेल’ ही सासू-आजीची भीती मात्र निराधार आहे. स्तन जितके रिकामे होतात, तितके दूध पुन्हा तयार होते. शिवाय लागते तरी किती? अगदी लहान बाळाला सुरुवातीला एका वेळी काही मिलिलिटरच, तेही नळीने. एका मातेने दिलेल्या वाटीभर दुधावर अशा अनेक बाळांची सोय होते. ज्यांचे बाळ गेले, अशाही काही माता दूध देतात. पण त्यांना कुणी ते मागू नये. त्यांनी स्वतःहून विचारले, तर वाट मोकळी असावी एवढेच.

दिलेल्या दुधाचे पुढे काय होते?

हाताने किंवा पंपाने काढलेल्या दुधावर तारखेची चिठ्ठी लागते. ते गोठवून ठेवतात, मग अनेकींचे दूध एकत्र करून ६२.५ अंश सेल्सियसला ३० मिनिटे तापवतात आणि लगेच थंड करतात. नमुन्यात जंतू आढळले, तर तो साठा फेकला जातो. चांगले दूध उणे २० अंशांना काही महिने टिकते. तापवल्याने दुधातील जिवंत पेशी मरतात, काही संरक्षक प्रथिनेही घटतात. म्हणूनच पेढीचे दूध हा आईच्या ताज्या दुधाला पर्याय नाही, तोवरचा आधार आहे.

व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘दूध हवे आहे’ असा निरोप टाकून परस्पर बाटली मिळवणे यासाठीच धोक्याचे. त्या दुधाची ना तपासणी झालेली असते, ना ते कसे साठवले याची खात्री. अनेकींचे दूध एकत्र होत असल्याने मुस्लीम कुटुंबांपुढे दूध-नात्याचा प्रश्नही उभा राहतो. त्यावर धर्मपंडितांत मतभेद आहेत. रुग्णालयाने ही माहिती आधी देऊन निर्णय कुटुंबावर सोडणे योग्य.

विक्रीला मनाई का?

मातेच्या दुधाच्या प्रक्रियेला व विक्रीला अन्न सुरक्षा कायद्यात परवानगी नाही, असे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) २४ मे २०२४ रोजी स्पष्ट केले. केंद्राच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दान ऐच्छिक आणि विनामोबदला हवे, आणि रुग्णालयातील बाळांना ते दूध मोफत मिळायला हवे. ही सावधगिरी रास्त आहे. दुधाला भाव आला, की गरीब घरातील बाईवर आपल्या बाळाच्या तोंडचे दूध विकण्याची वेळ येणार आणि वजन वाढवायला त्यात पाणी मिसळण्याचा मोहही होणार.

पण मनाईने दूध गोळा होत नाही. पंप, फ्रीझर, तपासण्या, अखंड वीज आणि मुख्य म्हणजे आईजवळ बसून तिला धीर देणारी प्रशिक्षित समुपदेशक, यावर खर्च करावाच लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार वजन झालेल्या नवजातांपैकी सुमारे १८ टक्के बाळे अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती. त्यातल्या बहुतेकांना पेढीची नव्हे, स्वतःच्या आईचीच गरज असते. त्यामुळे पेढीचे यश किती लिटर जमले यावर मोजणे फसवे आहे. घरी जाताना किती बाळे आईच्या अंगावर पीत होती, हा आकडा मागायला हवा.

तो वाढवायचा, तर बाळाला जिल्ह्याच्या ठिकाणी हलवताना आईलाही त्याच रुग्णवाहिकेतून न्यावे लागेल आणि अतिदक्षता विभागालगत तिला खाट द्यावी लागेल. एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष सुरू करणाऱ्या राज्याला ही मागणी अवाजवी वाटू नये. तोवर अशा बाळाच्या नातेवाइकांनी डबा आणण्याआधी वॉर्डातील परिचारिकेला दोन गोष्टी विचाराव्यात : आईचे दूध काढायला कोण मदत करेल, आणि जवळची दूधपेढी कुठे आहे. पहिले दूध काढण्याचा प्रयत्न प्रसूतीनंतर काही तासांतच सुरू व्हावा लागतो. चीक थेंबभर निघाला, तरी तो बाळापर्यंत पोहोचवता येतो.