विश्लेषण : सर्व्हर मुंबईत, तरी इंटरनेट ठप्प का होते?

इंदापूर तालुक्यातील कळसमध्ये मोबाइलवर क्रिकेट सामना लावला, की चित्र बहुधा मुंबईतल्या किंवा मोबाइल कंपनीच्याच केंद्रातल्या सर्व्हरवरून येते. इंटरनेट इतके जवळ आलेले असताना ५ डिसेंबर २०२५ रोजी भर दुपारी, शेअर बाजार सुरू असताना झेरोधा आणि ग्रोच्या सेवा का अडकल्या?

सीडीएन काय करते?

कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क, म्हणजे सीडीएन, मूळ सर्व्हरवरील मजकूर आणि व्हिडीओच्या प्रती अनेक शहरांत ठेवते व मागणाऱ्याला जवळच्या ठिकाणाहून देते. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक पाहत होते. एवढा भार एखाद्या मध्यवर्ती सर्व्हरला पेलणारा नाही. पण आता सीडीएन सायबर हल्लेही अडवते. त्यामुळे ज्याची प्रत ठेवता येत नाही, उदाहरणार्थ शेअरची खरेदी-विक्री, तेही तिच्यातूनच जाते.

मग बिघडले काय?

रेशन दुकानाचे उदाहरण घ्या. धान्य गावात आलेले असते, पण ई-पॉसचा सर्व्हर बंद पडला की पोती समोर दिसत असूनही वाटप थांबते. क्लाउडफ्लेअरचे असेच झाले. जगातील सुमारे २० टक्के संकेतस्थळे या एका अमेरिकी कंपनीच्या जाळ्यावर आहेत.

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतात सायंकाळचे पाच वाजत असताना एक्स, चॅटजीपीटी यांसह असंख्य सेवा बंद पडल्या. कंपनीला आधी हा हल्लाच वाटला. प्रत्यक्षात डेटाबेसच्या परवानग्या बदलल्याने बॉट ओळखणाऱ्या यंत्रणेच्या फाइलमध्ये नोंदी दुबार झाल्या. फाइल दुप्पट झाली, ठरलेली मर्यादा ओलांडली गेली आणि ती वाचणारा प्रोग्राम कोसळला. ही फाइल दर पाच मिनिटांनी तयार होऊन जगभर जात होती. केंद्रे शेकडो, पण चूक सगळीकडे पोहोचली. बंद सेवांची नोंद ठेवणारे डाउनडिटेक्टरही अडखळले, कारण तेही क्लाउडफ्लेअरवरच होते! ५ डिसेंबरचा बिघाड जेमतेम २५ मिनिटांचा होता. त्या वेळी एका सुरक्षा त्रुटीवर उपाय म्हणून केलेला बदल काही सेकंदांत सर्वत्र गेला होता.

पुढे काय?

असे बदल यापुढे टप्प्याटप्प्याने लागू करू, असे कंपनीने म्हटले आहे. नेटफ्लिक्ससारख्यांनी स्वतःचे जाळे उभारले. काही कंपन्या दोन-तीन सीडीएन एकत्र वापरतात. छोट्या वृत्तस्थळाला किंवा सहकारी बँकेला हा खर्च जड आहे. शिवाय पर्याय घेऊन ठेवला, तरी तो ऐन वेळी सुरू करता यायला हवा. १८ नोव्हेंबरला क्लाउडफ्लेअरच्या अनेक ग्राहकांना वाहतूक दुसरीकडे वळवायची होती. त्यासाठी लागणाऱ्या डॅशबोर्डमध्येच त्यांना लॉगइन करता येईना.