फरशीवरची मेणबत्ती

पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात झाँ-पोल लोराँसचं १८७५ सालचं एक चित्र आहे. दगडी दालन, जवळजवळ रिकामं. सिंहासनावर राजा बसलाय आणि राणी त्याला घट्ट बिलगलीय. ज्यांनी निकाल सुनावला ते धर्मगुरू दालनातून निघून चाललेत. राजदंड खाली पडलाय. पुढ्यात फरशीवर एक जाडजूड मेणबत्ती आडवी झालीय. ती नुकतीच विझलीय, वातीतून अजून धूर निघतोय.

राजा फ्रान्सचा रोबेर दुसरा, राणी बेर्त. काळ दहाव्या शतकाच्या अखेरीचा. दोघं नात्यातली, म्हणून चर्चला हे लग्न मंजूर नव्हतं. चर्च एखाद्याला वाळीत टाकी, तेव्हा पेटती मेणबत्ती जमिनीवर टाकून विझवण्याची रीत होती. लोराँसने शापवाणी उच्चारणारा बिशप रंगवला नाही, वर केलेले हात रंगवले नाहीत. सगळं उरकल्यावर जी शांतता उरते, ती त्याने रंगवली. वाळीत पडणं म्हणजे काय, ते त्या धुरात आहे.

आज हा चित्रकार फ्रान्सबाहेर कोणाला आठवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. १८३८ साली तुलूझजवळच्या फुर्कव्हो गावात, गरीब शेतकऱ्याच्या घरी तो जन्मला. पोरवयातच गावोगावची चर्चं रंगवत फिरणाऱ्या चित्रकारांसोबत तो निघाला. पुढे तुलूझच्या कलाशाळेत शिकला आणि मग पॅरिस गाठलं. ज्या चर्चच्या भिंतींपाशी हात तयार झाला, त्याच चर्चच्या सत्तेला तो आयुष्यभर चित्रांतून जाब विचारत राहिला. कट्टर प्रजासत्ताकवादी माणूस. फ्रान्समध्ये धर्मसत्ता आणि प्रजासत्ताक यांची रस्सीखेच ऐन रंगात होती, त्या दिवसांत जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वीचा राजा रंगवणं म्हणजे चालू राजकारणावर बोलणंच होतं.

१८७० च्या चित्रात तर त्याने प्रेतावरचा खटला दाखवला. ८९७ साली पोप स्टीफन सहावा याने आधीच्या पोपचं, फॉर्मोससचं, पुरलेलं प्रेत उकरून काढलं, पोपची वस्त्रं चढवून आसनावर बसवलं आणि त्याच्यावर आरोप ठेवले. असा विषय भडक करायला कितीसा वेळ लागतो? लोराँसने तो मोह आवरला.

मेक्सिकोचा बादशहा मॅक्सिमिलियन याला १८६७ साली गोळ्या घातल्या गेल्या. एदुआर मानेने बंदुकांचा बार रंगवला आणि ते चित्र जगभर गाजलं. लोराँसने १८८२ साली त्याच्या आधीची घटका घेतली. दारात न्यायला आलेला अधिकारी उभा, आणि मरायला निघालेला माणूसच रडणाऱ्या पाद्र्याला धीर देतोय. माने थोर, यात वाद नाही. पण एकाचं थोरपण मान्य करताना दुसऱ्याला अडगळीत का टाकायचं?

झालं मात्र तसंच. इम्प्रेशनिस्टांचं पहिलं प्रदर्शन १८७४ चं, रोबेरचं चित्र त्याच्या पुढच्याच वर्षीचं. विसाव्या शतकाने कलेचा इतिहास लिहिताना जिंकलेले आणि हरलेले असे दोन कप्पे केले. इम्प्रेशनिस्ट पहिल्या कप्प्यात गेले. सलाँ या पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनात मानाचं पदक मिळवलेला, पॅरिसच्याच पाँतेआँ या स्मारकाच्या भिंती रंगवलेला, आकादेमी ज्युलियाँमध्ये देशोदेशींच्या मुलांना शिकवणारा लोराँस दुसऱ्या कप्प्यात गेला. त्याच्या वर्गात चित्रकार अल्फोन्स मुखा होता, जपानहून आलेले विद्यार्थी होते. १९२१ मध्ये तो गेला, तोवर चित्रकलेची भाषाच बदलली होती.

त्याचं सगळंच उत्तम होतं असं मी म्हणणार नाही. काही सरकारी भित्तिचित्रांत नुसती पोशाखांची गर्दी आहे. पण १९८६ साली ओर्सेचं जुनं रेल्वे स्टेशन संग्रहालय म्हणून उघडलं आणि सलाँच्या पठडीतली चित्रं पुन्हा भिंतीवर आली, तेव्हा नाकं मुरडणारे पुष्कळ होते. त्यांनी पाच मिनिटं रोबेरसमोर उभं राहायला हवं होतं. राणीचा हात बघा, राजाला तिने किती घट्ट धरलंय. तिला त्याच्यापासून तोडायचं, एवढ्यासाठीच तर ती मेणबत्ती विझवलीय.