मनोराज्याचा हिशेब

पुरोगामी कार्यकर्त्यांच्या अभ्यासमंडळात कल्पितकथेचा विषय निघाला की एक ठरावीक शेरा ऐकू येतो : हे सुखवस्तूंचे स्वप्नरंजन, आपल्याला वास्तव हवे. स्वप्नाळू आणि शास्त्रीय समाजवाद यांत एंगल्सने १८८० मध्ये केलेल्या भेदाची साक्षही तत्परतेने काढली जाते. त्याच एंगल्सने फूरिए आणि ओवेन यांच्या प्रतिभेला मनमोकळी दाद दिली होती, याचा मात्र सोयिस्कर विसर पडतो.

या शेऱ्याला उत्तर बंगालमधील रोकेया सखावत हुसेन (१८८०–१९३२) यांच्या लेखनात आहे. त्यांनी कल्पितकथा लिहिली, कविता लिहिल्या, पडद्याआडच्या आठवणीही लिहिल्या. बांगला अकादमीने १९७३ मध्ये 'रोकेया रचनावली' प्रसिद्ध केली. न्यूयॉर्कच्या फेमिनिस्ट प्रेसने १९८८ मध्ये 'सुलतानाज ड्रीम' ही कथा आणि 'अवरोधबासिनी'तील निवडक आठवणी एकाच पुस्तकात छापल्या. हीच जुळणी योग्य होय. कथा वेगळी काढली की ती गंमत ठरते आणि आठवणी वेगळ्या काढल्या की त्यांची करुणकहाणी होते.

ही कथा १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी स्त्री-मासिकात आली. तिच्यातील स्त्रीराज्यात पुरुष मर्दान्यात बंदिस्त असून स्वयंपाक आणि मुले त्यांच्याकडे आहेत. चूल सूर्याच्या उष्णतेवर चालते. प्रवास हवेतून होतो. मुलीचे लग्न एकविसाव्या वर्षापूर्वी करण्यास बंदी आहे. (भारतात ही मर्यादा अठरावरून एकवीस करणारे विधेयक २०२१ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि २०२४ मध्ये त्या लोकसभेबरोबरच व्यपगत झाले.) जेथे स्त्रिया जनान्यात कोंडल्या जातात त्या देशांशी हे राज्य व्यापारही करीत नाही. परराष्ट्र व्यापाराच्या पाठ्यपुस्तकांना हे कलम कधी सुचले नाही!

त्यातला श्रमाचा हिशेब तर मुळातूनच पाहण्याजोगा आहे. पुरुष दिवसाला बारा चिरूट ओढतो, एकाला अर्धा तास लागतो, म्हणजे सहा तास धुरात गेले. तेव्हा कचेरीचे सात तासांचे काम स्त्रिया दोन तासांत उरकतात यात नवल ते काय? विनोद खरा, पण घरातले काम हे काम आहे आणि ते वेळेत मोजता येते, हा सिद्धान्तही त्यात आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांत ते काम आजही धरले जात नाही. भारत सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार, बिनमोल घरकाम करणाऱ्यांपैकी स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात, पुरुष ८८.

कथेत उणिवा नाहीत असे नव्हे. राज्य राणीचेच आहे, आणि तुरुंग मोडला गेला नसून त्यातले कैदी तेवढे बदलले आहेत. समाजवाद्याने हे बजावून सांगितलेच पाहिजे. मात्र तेवढ्यावर पुस्तक मिटणाऱ्याने 'अवरोधबासिनी'चे पान उघडावे. किऊल स्थानकावर गाडी बदलताना बुरख्यात अडखळून एक बाई रुळांवर पडली. परपुरुषाने हात लावू नये म्हणून मोलकरणीने मदतीला धावलेल्यांना अडविले. अर्धा तास थांबून गाडी सुटली, ती तिच्या अंगावरूनच. ती बाई रोकेयांच्या पतीच्या नात्यातली होती. हे वाचून झाल्यावर मर्दान्याच्या कल्पनेला स्वप्नरंजन म्हणण्याचे धाडस कोण करील?

रोकेयांनी १९११ मध्ये कलकत्त्यात शाळा काढली, तेव्हा मुली आठ होत्या. पुढे मुलींना आणण्यासाठी मोटार आली, तीही चहूबाजूंनी बंद. आत मुली घाबरून रडत, उलट्या करीत, बेशुद्ध पडत. म्हणून झरोके उघडून कापडाचे पडदे लावले, तर ते वाऱ्याने उडतात अशा धमकीच्या पत्रांचा वर्षाव सुरू झाला. हवेतून उडणाऱ्या गाडीत बसून बागा पाहणाऱ्या नायिकेची कथा लिहिणारी बाई त्या पत्रांना उत्तरे देत बसली होती.