ओटीपी मागितला नाही, त्याचं कौतुक

मंडळी, परदेशी दुकानातून इलेक्ट्रॉनिक वस्तू मागवायची हौस आता ठाण्या-डोंबिवलीत घरोघरी पोचली आहे. कोणी पुस्तकं वाचायचं यंत्र मागवतो, कोणी हेडफोन, कोणी कॅमेऱ्याची लेन्स. मागवा बापडे! आमच्या पिढीने परदेशी ट्रान्झिस्टरसाठी मुसाफिरखान्याच्या वाऱ्या केल्या, उल्हासनगरच्या 'मेड इन यूएसए'ला हसत हसत पैसे मोजले. आम्ही कोणत्या तोंडाने नावं ठेवणार? माझं भांडण एका वाक्याशी आहे. "काका, ओटीपीसुद्धा मागितला नाही, एका क्लिकमध्ये पैसे गेले!" घोडबंदर रोडपासून न्यू जर्सीपर्यंतचे सगळे भाचे-पुतणे हे वाक्य एकाच सुरात म्हणतात, आणि वर "आपल्याकडे किती ती कटकट!" असं शेपूट जोडतात.

पैसे गेले यात कौतुक कसलं? पैसे जायला कधीच वेळ लागत नाही. यायला लागतो.

ही 'कटकट' आली कुठून ते आधी पाहू. कार्ड समोर नसताना, नुसता नंबर टाकून होणाऱ्या ऑनलाइन खरेदीला आणखी एक खात्री हवी, असं रिझर्व्ह बँकेने बजावलं आणि १ ऑगस्ट २००९ पासून ते लागू झालं. आधी पासवर्ड होता, मग मोबाइलवर आकडा येऊ लागला. पण हा हुकूम आपल्या देशातल्या व्यवहारांना. परदेशातलं दुकान आणि त्याची बँक रिझर्व्ह बँकेच्या कक्षेबाहेर. त्यामुळे तिथे कार्डाचा नंबर, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर काम भागतं. म्हणजे तुमचं कार्ड ज्याने मिनिटभर हातात धरलं, त्यालाही ते भागवता येतं. हॉटेलातल्या पोऱ्यापासून कोणालाही.

ही फट किती सोयीची आहे हे मोठ्या कंपन्यांनाही कळतं. उबर टॅक्सीचं भाडं इथल्या रस्त्यावरच्या प्रवासाचं, पण कार्डाचा व्यवहार परदेशातून फिरवलेला. त्यामुळे ओटीपी नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा वाटा बंद करायला सांगितलं, तेव्हा वर्तमानपत्रांत काय ओरड झाली! नियम मागासलेला, सोयीचा गळा घोटला वगैरे. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, की नियम बरोबर होता.

आता न्यू जर्सीकर म्हणतील, "अहो, इथे तर कधीच विचारत नाहीत, आमचं काय बिघडलं?" बिघडत नाही, कारण तिथे १९७० च्या दशकापासून कायदाच असा आहे की तुमचं क्रेडिट कार्ड दुसऱ्याने वापरलं तर तुमच्या माथी जास्तीत जास्त पन्नास डॉलर. उरलेलं बँकेने सोसायचं. नुकसान आपल्याच बोडक्यावर येणार म्हटल्यावर बँक डोळ्यांत तेल घालून बसते. तिथली सोय त्या कायद्याच्या खांबावर उभी आहे. आपण छप्पर तेवढं आणलं, खांब तिकडेच राहिला.

आपल्याकडे काहीच नाही असं मी म्हणत नाही. ६ जुलै २०१७ ला रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलं की चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर भुर्दंड शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलंत तर बचत खातेदारावर दहा हजारांपर्यंतचा बोजा. त्यानंतर बँकेचं जे धोरण असेल ते. आणि तुमचा हलगर्जीपणा ठरला तर कळवेपर्यंतचं सगळं तुमचं. कागदावर ठीक आहे. पण हे दिवस मोजायचे बँकेचा संदेश आल्यापासून! तो संदेश रात्री दोन वाजता, इंग्रजीत, जाहिरातींच्या पन्नास संदेशांच्या मध्ये. डोंबिवलीत माझ्या ओळखीचे कितीतरी पेन्शनर आहेत ज्यांची मुलं बाहेर आणि मोबाइल चष्म्याच्या घरात ठेवलेला. त्यांनी तीन दिवसांत काय कळवायचं? ओटीपी निदान आधी विचारतो. संदेश नंतर सांगतो. हा फरक ज्याला कटकट वाटतो त्याने एकदा आपल्या आईच्या पासबुकाकडे पाहावं.

सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने परदेशी खरेदीकडेही लक्ष वळवलं. कार्ड देणाऱ्या बँकांना मुदत दिली १ ऑक्टोबर २०२६ ची. पण मेख पाहा: जादा खात्री करायची ती परदेशातल्या दुकानाने किंवा त्याच्या बँकेने विचारणा केली तर. न विचारणाऱ्या दुकानासाठी बँकेने आपली जोखीम पाहून लक्ष ठेवायचं. म्हणजे चोराने बेल वाजवली तर दार उघडण्याआधी नाव विचारा! जिथे ओटीपी नाही तिथे नुकसान बँकेचं, एवढं एक वाक्य लिहायला काय हरकत होती?

जाता जाता दुसऱ्या एका हुशारीबद्दल. "गिफ्ट लिहा, किंमत पंचवीस डॉलर टाका" हा सल्ला आपल्या सुशिक्षित घरांत अगदी सहज दिला जातो. पोस्ट-कुरियरने येणाऱ्या भेटींची करमाफी डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली. जीवरक्षक औषधं आणि राखी तेवढी सुटली. राखीबरोबरची भेटवस्तू नाही. वैयक्तिक वापराच्या मालावरची जकात २० वरून १० टक्क्यांवर आणण्याची घोषणा २०२६ च्या अर्थसंकल्पात झाली, जीएसटी वेगळा. तो भरा की! आणि वस्तू वाटेत गहाळ झाली तर कागदोपत्री ती पंचवीस डॉलरचीच, मग कोणाशी भांडणार?

असो. ऑक्टोबर २०२० पासून नवं कार्ड परदेशी वापरासाठी बंद अवस्थेतच मिळायला हवं, आपण मागितल्यावर चालू. माझं बंदच आहे. ज्यांना वस्तू मागवायची त्यांनी तेवढ्यापुरतं चालू करावं, मर्यादा वस्तूच्या किमतीइतकी ठेवावी, पैसे गेले की पुन्हा बंद करावं. माझ्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये हे बटण चार पानं आत, इंग्रजीत आहे. मराठीत करा म्हणून दोन अर्ज दिलेत, पोच आहे, उत्तर नाही. तिसरा अर्ज लिहून तयार आहे. कोणाला नक्कल हवी असेल तर कळवा, पाठवतो.